कॉपी कुणाची, यापेक्षा ती कुणी केली ते लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात मी जुनी चित्रे साफ करण्याचे आणि फ्रेमिंगचे काम करते. सासऱ्यांच्या हाताखाली शिकले. गेल्या महिन्यात एक कुटुंब रविवर्म्याच्या लक्ष्मीची तैलरंगातली मोठी कॉपी घेऊन आले. सोबत एका व्हॅल्युअरचे, म्हणजे किंमत ठरवून देणाऱ्याचे, प्रमाणपत्र होते : ‘राजा रविवर्मा यांचे चित्र, शंभर वर्षांहून जुने, हाताने रंगवलेले, किंमत अठरा लाख.’ घरात भावंडांच्या वाटण्या चालू होत्या. लक्ष्मी धाकट्या बहिणीला हवी, म्हणून फ्लॅटमधल्या तिच्या हिश्श्यातून अठरा लाख वजा धरायचे ठरले होते. माझ्याकडे काम होते ते फक्त चित्र पुसून देण्याचे.

व्हॅल्युअरने चित्र फ्रेमबाहेर काढलेच नव्हते. मागचा तपकिरी कागद जुन्या खळीने जसाच्या तसा चिकटलेला होता. मी तो काढला, तर कॅनव्हास ताणलेल्या पट्टीवर पेन्सिलीने चित्रकाराचे नाव आणि १९५२ साल. पुढून, आकाशाचा रंग जिथे पातळ पडलाय तिथे आखलेल्या चौकटी दिसतात, म्हणजे लहान चित्रावरून मोठे केलेले. ते लहान चित्र बहुधा छापील लक्ष्मी असणार. मूळ तैलचित्र १८९६चे, ते प्रत्यक्ष किती जणांच्या नजरेस पडले असेल? रविवर्म्याने १८९४ साली गिरगावात छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथली शिळाछापाची चित्रे देवघरांत आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर लागली. आमच्याकडच्या रंगाऱ्यांना लक्ष्मी भेटली ती याच कागदावर.

हाताने रंगवलेले आहे, हे मात्र खरे, आणि काम चांगले आहे. साडीचे काठ सराईत हाताने ओढलेत. कॉपी करणारा सहसा बोटांत अडकतो. इथे चारही हात जमलेत, हत्ती जरा उरकल्यासारखा वाटतो. हा माणूस नाटकाचे पडदे रंगवायचा, असे सासरे सांगत. आमच्या गावात त्यात कमीपणा नाही, बाबूराव पेंटरांनीही आधी पडदेच रंगवले होते.

प्रमाणपत्रात या माणसाचा उल्लेखच नाही. रविवर्म्याचे नाव खोडा, याचे लिहा आणि मग आकडा काढा, एवढेच माझे म्हणणे. माझ्या अंदाजाने सागवानी कोरीव फ्रेम धरून साठ-सत्तर हजार, त्यातही फ्रेमचा वाटा मोठा. तसेच चित्र आज नव्याने करून घ्यायचे तर जास्त लागतील, म्हणून विम्याचा आकडा वेगळा आणि विक्रीचा वेगळा. वाटणीत विक्रीचाच धरायला हवा. किंमत कशासाठी काढली, हेसुद्धा त्या कागदावर नव्हते. फी तेवढी किमतीच्या टक्क्यांत घेतलेली! अमेरिकेतल्या व्हॅल्युअरांच्या नियमावलीत अशा फीला मनाई आहे. किंमत जेवढी फुगेल तेवढी फी फुगते, हे सांगायला खरे तर नियमावलीही नको.

बहीण न्यू जर्सीला राहते, चित्र तिला तिकडे न्यायचे आहे. रविवर्म्याची चित्रे १९७९ साली राष्ट्रीय कलाठेवा म्हणून जाहीर झाली. १९७२च्या पुराणवस्तू कायद्याखाली ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि शंभरी ओलांडलेले चित्र मग ते कुणाचेही असो, पुराणवस्तूत मोडते. म्हणजे ज्या कागदापायी तिचे अठरा लाख कापले जाणार होते, तोच कागद कस्टमवाल्यांपुढे ठेवला असता तर चित्र विमानतळावरच अडकले असते. १९५२च्या कॉपीला ही अडचण नाही. ती पुराणवस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतो. पट्टीवरच्या नावाचा आणि सालाचा फोटो मी तिला काढून दिला, तिने अर्ज केला आहे. अठरा लाखांवर मात्र मोठा भाऊ अजून अडून बसलाय. शिक्का आहे ना, म्हणतो.

कॉपी करणे हा गुन्हा नाही. रविवर्मा १९०६ साली गेला, त्याच्या चित्रांवर आता कुणाचा कॉपीराइट उरलेला नाही. कॉपीला अस्सल म्हणून अठरा लाख लावणे ही वेगळी गोष्ट. तेव्हा किंमत काढायला येणाऱ्याला आधी चित्र उलटे करायला सांगा. तो ‘गरज नाही’ म्हणाला, तर फी देऊ नका.

आपली,
एक फ्रेमवाली, कोल्हापूर

ता. क. : या लक्ष्मीच्या पायाशी कुणीतरी कच्चा बटाटा चोळून काजळी काढली आहे. कृपा करून असे करू नका. पाणी भेगांतून आत जाते, बटाट्याचा चीक वर राहतो आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. काजळी राहू द्या, फार तर मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका.