मेंढीचा सल्ला मेंढीसाठी वेगळा छापा

संपादक महोदय,

पशुपालनाच्या सदरांत 'शेळ्या-मेंढ्यांना खनिज मिश्रण व जीवनसत्त्वे द्यावीत' असे एकच वाक्य सरसकट छापले जाते. ते वाचून दुधासाठी मेंढ्या पाळणारा माणूस गाईचे नाहीतर शेळीचे मिश्रण आणतो आणि सोबत बी-कॉम्प्लेक्सची बाटली घेतो. मिश्रण त्यातल्या तांब्यामुळे मेंढीच्या जिवावर बेतू शकते आणि बाटलीचा पैसा बहुतेक वेळा वाया जातो.

आधी बाटलीचे पाहू. मोठ्या मेंढीच्या कोटीपोटातले (चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले) सूक्ष्मजीव बी गटातली जीवनसत्त्वे आणि के स्वतःच तयार करतात, सी तिच्या यकृतात बनते. बी-१२ साठी त्या सूक्ष्मजीवांना कोबाल्ट मात्र लागते. आहारात कोरड्या वजनावर किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम असले की भागते. दुसरा अपवाद बी-१ चा, म्हणजे थायमिनचा. धान्य एकदम वाढवले की पोट आंबते, थायमिन नासवणारे जंतू माजतात, मेंढी मान वर ताणून उभी राहते, तिला दिसेनासे होते. तेव्हा पाजायच्या औषधात वेळ घालवू नये. पशुवैद्यकाकडून वजनाच्या किलोमागे निदान १० मिलिग्रॅम थायमिनचे इंजेक्शन लगेच आणि त्याच दिवशी पुन्हा द्यावे लागते. उशीर झाला तर मेंदूला झालेली इजा भरून येत नाही.

खरी गरज असते ती ए आणि ई ची, तीही हिरवा चारा संपल्यावर. गवत उन्हात वाळून पिवळे पडले की त्यातले कॅरोटीन (ज्यापासून ए बनते) आणि ई दोन्ही बरेचसे गेलेले असते. ए यकृतात साठते, त्यामुळे हिरव्यावर पोसलेली मेंढी काही महिने तग धरते. ई चा साठा फार टिकत नाही. दुधावरून काही कळेल अशी आशा ठेवू नये, कारण मेंढी कॅरोटीनचे जवळजवळ पूर्ण रूपांतर ए मध्ये करते आणि तिची साय नेहमी पांढरीच दिसते. संध्याकाळी कळप आत घेताना एखादी दाराच्या खांबाला धडकू लागली, तर ए कमी पडल्याची शंका घ्यावी. ड जीवनसत्त्व उन्हात फिरणाऱ्या मेंढीला मिळतेच, कायम आत बांधलेलीला द्यावे लागते.

ई वारेतून कोकरापर्यंत फार कमी पोहोचते, चिकातून मात्र भरपूर जाते. म्हणून विण्याआधीचे सहा आठवडे महत्त्वाचे. ई आणि सेलेनियम हे खनिज कमी पडले की कोकरू ताठ पायांनी चालते, मागच्या पायांत लटपटते, आणि हृदयाचा स्नायू बिघडला तर अचानक मरते.

६० किलोच्या दुधाळ मेंढीला दिवसाला सुमारे १०,००० आययू (जीवनसत्त्व मोजायचे आंतरराष्ट्रीय एकक) ए आणि ३०० आययू ई धरावे. ती रोज १ किलो खुराक खात असेल, तर १०० किलो खुराकात ग्रॅमला ५ लाख आययूची ए पावडर २ ग्रॅम आणि ग्रॅमला ५०० आययूची ई पावडर ६० ग्रॅम लागते. इतकीशी पूड ढिगावर भुरभुरली तर एका मेंढीला दसपट मिळते आणि दुसरीला काहीच नाही. ती आधी १ किलो कोंड्यात कालवावी, मग त्यात ९ किलो खुराक घालून पुन्हा मिसळावे, आणि शेवटी उरलेल्या ९० किलोत. उष्णता, उजेड, ओल आणि खनिजांचा संपर्क यांनी पूड मरते. खनिजांसोबत मिसळलेले फार दिवस ठेवू नये. खुराकातून मिळत असताना वर ए-डी-ई ची इंजेक्शने टोचत राहणेही चूकच, जास्तीचे ड रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडात चुना साठवते.

आता मिश्रणाचे. एकूण आहारात किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या वर तांबे मेंढीला धोक्याचे, गाईला ४० पर्यंत चालते, आणि शेळीही मेंढीपेक्षा पुष्कळ जास्त सोसते. तांबे अंगी लागू न देणारे मॉलिब्डेनम हे खनिज आहारात कमी असेल तर १५ च्या आतही विषबाधा होते. मेंढीच्या यकृतात तांबे आठवडेच्या आठवडे गुपचूप साठते, तोवर ती खाते-पिते, दूध देते. मग एखाद्या ताणाने यकृत ते रक्तात सोडते. एक-दोन दिवसांत डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, आणि त्यानंतर फारच थोड्या वाचतात. जीवनसत्त्वे म्हणून घेतलेल्या पिशवीत बहुधा खनिजेही असतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

म्हणून विनंती अशी, की सल्ल्यात मेंढीचा परिच्छेद वेगळा द्यावा आणि तांब्याची मर्यादा आकड्यात छापावी. ज्या पिशवीवर तांब्याचे प्रमाण लिहिलेले नाही, ती मेंढीच्या गव्हाणीत रिकामी करू नये, हेही त्याच परिच्छेदात यावे.

कळावे,
एक पशुआहार अभ्यासक