मुक्ताच्या नर्सिंगबद्दल, आई-बाबांना

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तुमचं "बरं" मला कळतं. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. आई, तू चष्मा लावून मोठ्यानं वाच. बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली असेल तर आधी ते घाल आणि मग वाच.

मुक्ताची बी.एस्सी. नर्सिंगची जागा पक्की झाली. काल मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा केली. पुढच्या सोमवारपासून ती मिरजेत होस्टेलवर असेल. तिनं हट्ट धरला असंही नाही आणि मी तिच्यावर लादलं असंही नाही, पण शेवटचा होकार माझा आहे, तेव्हा रागवायचं तर माझ्यावर रागवा, तिच्यावर नको. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. प्रवेशफेरीत जागा लागली की दिलेल्या तारखेच्या आत हजर व्हावं लागतं, नाहीतर ती हातची जाते. तुम्ही "दिवाळीनंतर बघू" म्हणाला असतात, आणि तुमच्या "बघू"ला नाही म्हणायचं बळ माझ्यात नाही. म्हणून विचारलं नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तेच खरं आहे.

बाबा, तुम्ही तिला विचारलंत म्हणे, "सुई टोचायला शिकायला चार वर्षं कशाला लागतात?" प्रश्न रास्त आहे. मी नर्सिंगच्याच मुलींना शिकवते, म्हणून उत्तर मीच देते.

चार वर्षं म्हणजे आठ सेमिस्टर. एक सेमिस्टर वीस आठवड्यांचं आणि आठवड्याला चाळीस तास. पहिल्याच सेमिस्टरला शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा पाया असे विषय एकदम येतात. पुढे जीवरसायन, आहार, सूक्ष्मजंतू, औषधशास्त्र, मोठ्यांचे आजार, लहान मुलं, मानसिक आजार, गावपातळीवरचं आरोग्य, बाळंतपण. शेवटचं सेमिस्टर म्हणजे बावीस आठवड्यांची इंटर्नशिप, आठवड्याला 48 तास, आणि त्यात रात्रपाळ्याही. मागचे सगळे विषय सुटल्याशिवाय त्या इंटर्नशिपला उभं राहता येत नाही. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची परीक्षा असते आणि मुख्य विषयांत लेखीला आणि प्रात्यक्षिकाला वेगवेगळे पन्नास टक्के लागतात. एकात सत्तर पडले म्हणून दुसऱ्यातले पंचेचाळीस चालत नाहीत. बारावीला रात्रभर जागून पेपर काढणाऱ्या हुशार मुली इथे पहिल्यांदा अडखळतात त्या याच ठिकाणी. प्रात्यक्षिक आदल्या रात्री वाचून येत नाही.

सुरुवात अंथरुणापासून होते. आई, तुला हसू येईल, चादर घालायला तर मुक्ता सहा वर्षांची असल्यापासून येते. पण रुग्ण पलंगावर असताना, त्याला खाली न उतरवता, एका कुशीवर वळवून अर्धी चादर बदलायची, मग दुसऱ्या कुशीवर वळवून उरलेली ओढून घ्यायची. खाली मॅकिन्टॉश, म्हणजे रबराची चादर, त्यावर ड्रॉ शीट, म्हणजे कमरेखालची आडवी चादर, आणि कोपरे पाकिटासारखे दुमडून गादीखाली घट्ट खोचलेले. एकही सुरकुती राहता कामा नये. माकडहाडाखाली सुरकुती राहिली की तिथली कातडी दबते, रक्त पोचत नाही, आधी लाल होते, मग फाटते, आणि त्या जखमेशी महिनाभर झगडावं लागतं. झोपून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची ती याचसाठी. मुली आधी पुतळ्यावर शिकतात, मग शिक्षिकेसमोर करून दाखवतात, आणि ते पास झालं तरच वॉर्डात हात लावू देतात. हात धुण्याचंही तसंच. साबणानं चाळीस ते साठ सेकंद, तळवे, हातांची पाठ, बोटांच्या फटी, अंगठे, नखांची टोकं, सगळं ठरलेल्या क्रमानं. अंगठा विसरणाऱ्या मुली सगळ्यात जास्त असतात.

आता सुई. टोचणं खरंच सोपं आहे, आठवडाभरात हात बसतो. सुईत किती भरायचं तिथे माणूस वाचतो किंवा जातो. तुमचंच उदाहरण घ्या बाबा. तुमची इन्सुलिनची बाटली 40 युनिटची आहे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. तिला लाल टोपीचीच सिरिंज लागते. दुकानातून चुकून केशरी टोपीची, म्हणजे 100 युनिटवाली आली आणि तिच्यात वीसच्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात जातात फक्त आठ युनिट. साखर चढत राहते आणि घरात सगळे गोडावर ठपका ठेवत बसतात. उलटं झालं, 100 युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत भरलं, तर वीसऐवजी पन्नास युनिट जातात. तो माणूस झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो. दोन्ही वेळा डोळ्यांना वीसच दिसतात.

हे पहिल्या दोन वर्षांत डोक्यात पक्कं बसवावं लागतं. बारा किलोच्या तापलेल्या पोराला पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम धरलं तर 180 मिलिग्रॅम. एका बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये 120 असतात, तेव्हा साडेसात मिलिलिटर द्यायचं. दुसऱ्या बाटलीत पाचमध्ये 250 असतात, तेव्हा 3.6. दोन्ही बाटल्यांवर नाव एकच. सलाईनचं असंच. पाचशेची बाटली चार तासांत संपवायची आणि सेट, म्हणजे सलाईनची नळी, वीस थेंबांना एक मिलिलिटर देणारा असेल, तर मिनिटाला 42 थेंब, घड्याळ समोर धरून मोजायचे. पोटॅशियमची छोटी काचेची कुपी तर पातळ न करता सरळ शिरेत गेली तर हृदय थांबतं. रात्री तीन वाजता, सहा बेडच्या घंटा वाजत असताना, हे गणित चुकता कामा नये. चार वर्षं लागतात ती यासाठी.

आई, तुझं म्हणणं वेगळं आहे. "पोरीला लोकांची घाण काढावी लागेल." लागेल. तुझ्यापासून लपवत नाही. बेडपॅन द्यावं लागेल, परक्या पुरुषाचं अंग पुसावं लागेल, उलटी आवरावी लागेल. पण लघवी कमी झाली, गडद झाली, शौच डांबरासारखं काळं आलं, पाठीवर लाल डाग उठला, हे पहिल्यांदा दिसतं ते ही कामं करणाऱ्यालाच. काळं शौच म्हणजे आत कुठेतरी रक्त वाहतंय, ही खूण आहे. ती डॉक्टरांना सांगितली तर रुग्ण वाचतो. वॉर्डातल्या कामवाल्या मावशींवर सोपवून लांब उभी राहणारी मुलगी नर्स होत नाही. आणि तू आजीचं दीड वर्ष केलंस ते याहून वेगळं काय होतं? तेव्हा तुला कुणी शिकवलं नव्हतं, तरी आजीच्या पाठीला एकही जखम झाली नाही. मी वर्गात कूस बदलायला शिकवते तेव्हा तुझे हात डोळ्यांसमोर असतात.

सुई लागण्याची भीतीही तू बोललीस. ती खरी आहे, म्हणून बंदोबस्तही आहे. कावीळ-बीच्या लसीचे तीन डोस असतात, पहिला, मग महिन्यानं, मग सहाव्या महिन्यात. पहिला मी तिला दिला आहे, दुसऱ्याची तारीख तिच्या वहीत लिहिली आहे. वापरलेल्या सुईवर परत टोपी लावायची नाही, हे पहिल्या दिवसापासून शिकवतात, कारण सुई बऱ्याचदा लागते ती टोपी लावतानाच. सुई सरळ पांढऱ्या, आरपार टोचता न येणाऱ्या डब्यात जाते, हातमोजे आणि नळ्या लाल पिशवीत, रक्ताची ड्रेसिंग पिवळ्या, काच निळ्या. तरी लागलीच तर वाहत्या पाण्यात साबणानं धुवायचं, बोट दाबून रक्त काढायचं नाही, आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध होईल तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, सुरू करावं लागतं आणि 72 तासांनंतर त्याचा उपयोग उरत नाही. मुली ओरडा बसेल म्हणून लपवतात आणि तिथे घात होतो. मुक्ताला मी तीनदा बजावलंय, तूही फोनवर बजाव. तुझं ती जास्त ऐकते.

तिची मला खरी काळजी आहे ती इंग्रजीची. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली आपली पोर, आणि इथे पुस्तकं, पेपर, वॉर्डातला रिपोर्ट सगळं इंग्रजीत. पहिले चार महिने जड जातील. फोनवर रडेल. रडली तर "ये परत" म्हणू नका. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत कान सरावतात. सध्या ती रोज दहा शब्द वहीत लिहिते, उच्चारासकट. शिवाय प्रत्येक पोस्टिंगचे, म्हणजे वॉर्डात नेमलेल्या कामाचे, केअर प्लॅन (रुग्णाची काळजी कशी घ्यायची ते), औषधांची वही, केलेल्या कामांचं लॉगबुक रोजच्या रोज लिहायचं असतं. आठवड्यावर ढकललं की ते कधीच पूर्ण होत नाही.

आणि आता तुम्हा दोघांकडे एक मागणं आहे. वर्गातली हजेरी ऐंशी टक्के लागते. वॉर्डातली मात्र पदवी मिळण्याआधी शंभर टक्के भरावी लागते. म्हणजे चार दिवस बुडाले तर ते चार दिवस सुट्टीत, बाकीच्या मुली घरी गेल्यावर, एकटीनं भरून काढायचे. म्हणून पोस्टिंग चालू असताना तिला बोलवायचं नाही. पायरीवर पाय मुरगळला, ताप आला, मोरीचा पाइप फुटला, तर फोन मला करा. दिवाळीला कॉलेज जेवढी सुट्टी देईल तेवढी ती येईल, कराडला बस बदलून कुंभार्ली घाटानं, उजेडात. पुढच्या गणपतीला येईलच असं धरून चालू नका. मला माहीत आहे, आरतीला टाळ तिच्याच हातात असतो. बाबा, तो टाळ एक वर्ष भिंतीवर राहू द्या.

तुमच्या रोजच्या सोयीचं सगळं लावून ठेवलंय. सुमनकाकी सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसातला येऊन इन्सुलिन देतील, सकाळी वीस, रात्री बारा. त्यांना बाटली दोन्ही तळव्यांत हळूच फिरवायला शिकवलंय, जोरात हलवायची नाही. लाल टोपीच्या सिरिंजचे तीन महिन्यांचे डबे कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. गावातून आणल्याच तर आधी टोपीचा रंग बघा. बाटली फोडली की त्यावर तारीख लिहा आणि चार आठवड्यांनी टाकून द्या, थोडं उरलंय म्हणून वापरू नका. फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. सुई दिली की अर्ध्या तासात ताटावर बसायचं बाबा, पोथी नंतर. घाम सुटला, हात थरथरले तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर मशीनवर बघायची, 70 च्या खालीच असेल तर परत तीन चमचे. आणि मग मला फोन, कितीही वाजले असले तरी.

आई, बंबात पाणी तापवणं आता बंद. गीझरवाला गुरुवारी येतोय. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायला त्यालाच सांगितलंय, नको म्हणू नकोस. गुडघ्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत, भाकरीचा तुकडा का होईना आधी खा. आठवड्याच्या गोळ्यांचा डबा मुक्ता जाण्याआधी भरून ठेवेल, पुढचे दर रविवारी सुमनकाकी भरतील आणि मी व्हिडिओवर बघेन.

तिच्या सामानात दोन गोष्टी तुझ्याकडून हव्यात. एक तुझी जुनी मऊ सुती साडी, घडी घालून उशाला ठेवायला. ती अजून साडीचा पदर बोटाला गुंडाळल्याशिवाय झोपत नाही, हे तिच्या मैत्रिणींना सांगायचं नाही अशी तिनं मला शपथ घातलीय, म्हणून तूही बोलू नकोस. आणि कुळथाचं पीठ दोन किलो, होस्टेलच्या जेवणाला कंटाळली की करून घेईल. लाडू मात्र आठच दे. आठवड्यापेक्षा जास्त टिकवायला जागा नाही, मुंग्या लागतात. तिच्या बांगड्या काढून तुझ्याकडे ठेव. वॉर्डात बांगड्या, अंगठी, मेंदी, वाढलेली नखं काही चालत नाही, त्याखाली जंतू राहतात. निघताना तिच्या हाताला मेंदी लावायचा बेत असेल तर तो दिवाळीवर ठेव. काळे बंद बूट मी घेतलेत, अर्धा नंबर मोठे, कारण सहा तास उभं राहून पाय सुजतात.

बाबा, सोमवारी सकाळी सहाच्या गाडीला तिला स्टँडवर सोडायला तुम्हीच जा. रिक्षा सांगितलीय, चालत जाऊ नका. तिचा उत्पन्नाचा दाखला आणि जातपडताळणीची झेरॉक्स तुमच्या निळ्या फायलीत आहे, ती आदल्या रात्रीच काढून तिच्या पिशवीत घाला.

गाडी सुटली की मला एक मिस्ड कॉल द्या.

तुमची,
मंगल