गाझातील ग्रंथालयांसाठी : ग्रंथालय सेवक मंडळाचे आवाहन

वाचक, वर्गणीदार, देणगीदार आणि ग्रंथालय सेवक बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

येत्या १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आपले मंडळ गाझातील उद्ध्वस्त ग्रंथालयांवर प्रदर्शन भरवत आहे आणि त्याच विषयावर मराठी पुस्तिका काढत आहे. दिवस थोडे उरले आहेत, छपाईची आगाऊ रक्कम अजून भरलेली नाही, म्हणून हे पत्र घाईने लिहीत आहे.

मंडळाची ओळख आपल्याला करून द्यायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि सांगलीच्या वाचनालयांची पिढ्यांची ग्रंथसंपदा पाण्यात बुडाली. पुस्तके इतकी फुगली होती की कपाटे पहारीने फोडावी लागली. तेव्हा आपले दिवंगत अध्यक्ष सर सत्तरी ओलांडलेली असूनही गमबूट घालून चिखलात उतरले. मिरजेच्या बाईंनी आपल्या गच्चीवर दाखल नोंदवह्या (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेल्या वह्या) एकेक पान उलटत वाळवल्या. त्या नोंदवह्या बचावल्या म्हणूनच काय गेले याची यादी तरी करता आली. गणपती पेठेतल्या पुस्तकविक्रेत्या काकांनी बांधणीचे सगळे सामान मोफत दिले आणि पावतीवर नाव घालू दिले नाही. आजही घालू देत नाहीत. तासगाव, विटा, पलूसच्या वाचनालयांचे स्वतःचे अनुदान थकलेले होते, तरी त्यांनी आपल्याकडच्या दुबार प्रती टेम्पोत भरून पाठवल्या. पुण्या-मुंबईहून अनोळखी वाचकांची खोकी आली. पुढे २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडाले आणि लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरले, तेव्हा आपलीच ही मंडळी पुस्तके घेऊन कुंभार्ली घाट उतरली. या सगळ्यांचे ऋण मंडळ विसरलेले नाही.

आपले नुकसान नदीने केले होते. गाझात ते २०२३ पासूनच्या इस्रायल-हमास युद्धात बॉम्बने आणि आगीने झाले. गाझा शहराच्या मध्यवर्ती अभिलेखागारात शतकाहून जुनी कागदपत्रे होती. इमारतींचे नकाशे होते, नगरपालिकेचे दप्तर होते. २०२३ च्या नोव्हेंबरात ते जळून गेले. त्याच सुमारास नगरपालिकेचे सार्वजनिक ग्रंथालय आणि रशाद शव्वा सांस्कृतिक केंद्र, त्यातल्या ग्रंथालयासह, कोसळले. कवी मुसाब अबू तोहा यांनी २०१७ मध्ये उत्तर गाझातल्या बेत लाहियात, लोकांनी पाठवलेल्या पुस्तकांवर, पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद यांच्या नावाचे वाचनालय उभे केले होते. आपल्याकडच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयासारखेच ते लहान, आणि लोकांच्या जिवावर चाललेले. तेही गेले. समीर मन्सूर यांचे गाझा शहरातले पुस्तकांचे दुकान २०२१ च्या मे महिन्यात हवाई हल्ल्यात जमीनदोस्त झाले, जगभरच्या वाचकांनी वर्गणी काढून २०२२ मध्ये ते पुन्हा उभे केले, आणि २०२३ मध्ये त्यावर पुन्हा घाव बसला. गाझाच्या इस्लामिक विद्यापीठात आसरा घेतलेल्या कुटुंबांवर सरपण नाही म्हणून पुस्तके चुलीत घालायची पाळी आली. त्या आईबापांना दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही.

ही आजची गोष्ट नाही. १९४८ मध्ये पश्चिम जेरुसलेममधल्या पॅलेस्टिनी घरांतून सुमारे ३० हजार पुस्तके उचलून नेली गेली. त्यांतली सुमारे सहा हजार इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘सोडून दिलेली मालमत्ता’ अशा शिक्क्याखाली आहेत. त्यांतल्या कित्येकांवर मूळ मालकांच्या सह्या आहेत. ज्याने आयुष्यभर दाखल नोंदी केल्या, त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

जगातले आपले व्यवसायबंधू गप्प राहिले नाहीत. काही ग्रंथपाल आणि अभिलेखपाल २०१३ मध्ये पॅलेस्टाईनला जाऊन आले; त्यातून ‘लायब्ररियन्स अँड आर्किव्हिस्ट्स विथ पॅलेस्टाईन’ हे जाळे उभे राहिले. गावोगावी एकच पॅलेस्टिनी पुस्तक वाचून चर्चा करण्याचा उपक्रम ते चालवतात. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी गाझातील ग्रंथालये, अभिलेखागारे आणि संग्रहालये यांच्या हानीचा अहवाल काढला. त्यात जीव गमावलेल्या माणसांचीही नोंद आहे. गाझातल्या थोरल्या ओमरी मशिदीच्या हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती युद्धाआधी तिथल्याच जतनकारांनी काढून ठेवल्या होत्या, म्हणून मशीद पडली तरी मजकूर हाती आहे. आपल्या व्यवसायाची एवढी मोठी कामगिरी मराठीत कुणी सांगायची? आपणच.

आता मनात सलते तेही लिहितो. युद्ध सुरू झाल्यावर मंडळाने शोकसभा घेतली, तेव्हा खुर्च्या रिकाम्या राहिल्या. गाझातील ग्रंथालयांच्या हानीबद्दलच्या ठरावावर सह्या मागितल्या तर ‘हा आपला विषय नाही’ असे ऐकावे लागले, आणि तेही पुराच्या वेळी आपण ज्यांची पुस्तके खांद्यावरून वाहिली त्यांच्याकडून. काहींनी राजकारणाचा आरोप केला. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये मारल्या गेलेल्या नागरिकांबद्दलचे दुःख आमच्या ठरावाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. तो वाचला असता तर कळले असते. युद्धात सांस्कृतिक ठेव्याला हात लावायचा नाही, हे १९५४ च्या हेग कराराने ठरवले आहे. भारत आणि इस्रायल या दोघांनीही तो स्वीकारलेला आहे. ते पाळा म्हणणे हे ग्रंथपालाचे काम नाही, तर कुणाचे?

त्याही वेळी सोबत राहिलेल्यांचे मनापासून आभार : मिरजेच्या उर्दू वाचनालयाची मंडळी, जी अरबी नावांचे उच्चार तपासून देत आहेत, निवृत्त ग्रंथपाल ताई, ज्यांनी आपल्या पेन्शनमधून पहिली देणगी दिली, आणि महाविद्यालयातली मुले, जी फलक स्वतः रंगवत आहेत.

तपशील : एकूण खर्च अंदाजे ४५,००० रु., जमा १२,५०० रु. देणगी १०० रु. पासून पुढे कितीही. रोख किंवा धनादेश, पावती लगेच मिळेल. मंडळाच्या घटनेत परदेशी रक्कम पाठवण्याची तरतूद नाही, त्यामुळे सर्व निधी प्रदर्शन, पुस्तिका आणि तालुका वाचनालयांना पॅलेस्टिनी साहित्याचे संच देण्यावरच खर्च होईल. हिशेब सूचना फलकावर लागेल. अनुवाद, मुद्रितशोधन आणि फलकांची ने-आण यांसाठी माणसे हवीत. दुचाकी असल्यास उत्तम. जास्तीची पुस्तके कृपया आणू नयेत, ठेवायला जागा नाही. ठरावाची प्रत देवघेव विभागात आहे, सही करताना वाचनालयाचे नाव व गाव लिहावे. शेवटची तारीख ३१ जुलै. वेळ सायंकाळी ५ ते ७.३०, सोमवारी बंद. प्रदर्शन १२ ते १७ ऑगस्ट, नेहमीच्या सभागृहात; नंतर तासगाव व विटा. ज्या वाचनालयांना फलक हवेत त्यांनी लेखी कळवावे, जाण्या-येण्याचा खर्च मंडळ करील.

आपला नम्र,
कार्यवाह, ग्रंथालय सेवक मंडळ
(कार्यकारिणीच्या वतीने)