तक्त्यात आई कुठे आहे?

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, नव्या टीव्हीसाठी कॅलेंडरच्या मागच्या पानावर तुम्ही काढलेला तक्ता मिळाला. फोटो तिरका आलाय आणि शेवटचा रकाना अर्धा कापला गेलाय, पण सगळं कळलं. सोनी, सॅमसंग, एलजी, टीसीएल, शाओमी. पुढे इंच, वॅट, वॉरंटी, दुकानदाराने सांगितलेला भाव, आणि घासाघीस करून उतरेल तो भाव लाल शाईत. बँक सोडून बारा वर्षं झाली तरी तीन दुकानांची कोटेशनं मागवायची खोड काही जात नाही. फोनवर बोलायला गेलं की तुम्ही नुसतं "हो, हो" म्हणता आणि मग आई फोन ओढून घेते, म्हणून लिहून पाठवतेय. फायलीला लावा.

तक्ता चोख आहे. फक्त त्यात आई कुठेच नाही.

तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी तुम्ही आठ दिवस माझ्याकडे होतात ना, तेव्हा मी रोज रात्री आईला विचारायचे, काल मालिकेत काय झालं? ती म्हणायची, "बघितलीच नाही गं, कंटाळा आला." मला ते खरं वाटलं. परवा भाऊबीजेला आले तेव्हा बिरडं सोलता सोलता तिने सांगितलं. टीव्ही लावला की नुसते चौकोन यायचे, सिनेमांचे, जाहिरातींचे. त्यातून सेट-टॉप बॉक्सवर कसं जायचं ते कळेना. दोन दिवस खटपट केली, मग काहीतरी दाबलं गेलं आणि बाई इंग्रजीत बोलायला लागली. घाबरून तिने भिंतीवरचं बटणच बंद केलं. आठ दिवस घरात टीव्ही नाही, आणि "तुला कशाला सांगायचं, तू कामात."

तो टीव्ही मीच घेतलेला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळूणच्या आपल्या घरात शिरली, आपला जुना टीव्ही चिखलात पालथा पडलेला मिळाला, आणि ऑगस्टमध्ये मी पुण्यात बसून स्वस्तातला ३२ इंची ऑनलाइन मागवला. बसवायला माणूस अकरा दिवसांनी आला. कंपनीचं नाव काढत नाही, कारण घाई माझी होती. रिमोटवर आकड्यांची बटणंच नाहीत, हे मी बघितलंसुद्धा नव्हतं.

म्हणून पहिला नवा रकाना रिमोटचा घाला. हल्ली बहुतेक कंपन्यांचे रिमोट बोटभर झालेत. सॅमसंगचा घ्या, शाओमीचा घ्या, मोजकीच बटणं, बाकी सगळं पडद्यावर शोधा. एलजीचा हवेत हलवला की पडद्यावर बाण फिरतो. तुम्हाला मजा वाटेल, आईचा हात दुखेल. दुकानात रिमोट तिच्या हातात द्या आणि तुम्ही चहा प्यायला बाहेर जा. मागे उभं राहून सांगायचं नाही. शिवाय टीव्ही लावल्यावर चौकोन न येता थेट सेट-टॉप बॉक्सच सुरू व्हावा, अशी सोय बहुतेक टीव्हींत असते. सेटिंगमध्ये खोल दडवलेली असते एवढंच. बसवायला येणाऱ्या मुलाकडून ते करून घ्या, नाहीतर मी आल्यावर करीन.

दुसरा रकाना कानांचा. टीव्ही जेवढा चपटा, तेवढा त्याचा आवाज बारीक. स्पीकरला जागाच उरत नाही, ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. मग आवाज भिंतीवर आपटून येतो आणि संवादांपेक्षा ढोलताशे जास्त ऐकू येतात. बाबा, रागावू नका, पण आपल्या घरातला आवाज गेल्या वेळी साठावर होता. टीव्ही थोडा कमी भावाचा घ्या आणि उरलेल्या पैशांत साधा साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घ्या. टीव्हीच्या मागे जिथे 'एआरसी' लिहिलंय त्या खाचेत वायर लावली की आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो, तिसरा रिमोट सांभाळावा लागत नाही.

आता ओएलईडी पडद्यापुढे तुम्ही केलेल्या दोन बरोबरच्या खुणा. दुकानदाराने काळोख्या खोलीत काळा पडदा दाखवला असणार. दिसतो सुंदर, खोटं नाही. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, मागे दिवा नसतो, म्हणून काळं ते खरंच काळं. पण तुम्ही सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पुन्हा बातम्या लावता. कोपऱ्यातलं चॅनेलचं चिन्ह आणि खालची लाल पट्टी तासन्‌तास हलत नाही. अशाने वर्षांनुवर्षं तेच ठिपके झिजतात आणि त्याची सावली पडद्यावर कायमची राहू शकते. आणि आपल्या पडवीचं दार दिवसभर सताड उघडं. त्या उजेडात लाखाच्या वरचा टीव्ही म्हणजे पैठणी नेसून शेण सारवणं. क्यूएलईडी म्हणजे मात्र ओएलईडी नव्हे हं; इंग्रजीत ओ आणि क्यू यांत शेपटीचाच फरक, पण आत साधा एलईडीच, रंग चांगले यावेत म्हणून एक पापुद्रा जास्त. तुमच्या तक्त्यात दोन्ही एकाच रांगेत पडलेत.

ब्रँडचं म्हणाल तर सोनी आणि शाओमीत तुम्ही वीस हजारांचा फरक मांडलाय. तो कशाचा? पडद्याचा थोडा, आतल्या डोक्याचा जास्त. पडदा तर सोनी स्वतः बनवत नाही, बाहेरून घेते. पण कमी प्रतीचं चित्र मोठ्या पडद्यावर ताणताना ते फाटू न देण्यात सोनीचा हात चांगला आहे, आणि तुम्ही सह्याद्री बघता म्हणून त्याचं मोल. बाकी आईचं काम सोपं. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांचे एचडी चॅनेल आहेत, ते पॅकमध्ये घ्या. आणि बॉक्सपासून टीव्हीपर्यंत अजून त्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या तीन पिनाच असतील तर आधी त्या काढा, एचडीएमआय वायर लावा. तीन-चारशे रुपयांच्या वायरने जे होतं, ते वीस हजारांनी होत नाही.

एलजीचं एक बरं. त्यांच्या बऱ्याच मॉडेलांचा पडदा बाजूने बघितला तरी फिका पडत नाही. सॅमसंगच्या बऱ्याच एलईडींत समोरून काळं छान, बाजूने धुरकट. आई कुठे बसते? स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, भाजी निवडत. म्हणजे सगळ्यात तिरकं. दुकानात झोपाळ्याएवढ्या अंतरावर तुम्ही समोर उभे राहा आणि तिला बाजूला उंबऱ्याएवढं तिरकं उभं करा. एकाच कंपनीत, एकाच मॉडेलमध्येसुद्धा इंच बदलले की पडदा बदलू शकतो, तेव्हा जो घ्यायचा तोच बघा. दुकानात सगळे टीव्ही निळसर, भगभगीत लावलेले असतात, त्यावर जाऊ नका. 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' करून दाखव म्हणा.

वॅटची काळजी सोडा. १२० वॅटचा धरला आणि रोज पाच तास लावला तरी महिन्याला १८ युनिट. आणि आधी घेतला नाही ते बरंच झालं, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. मूळ किंमत पन्नास हजार असेल तर सरळ पाच हजार वाचले. ही बचत घासाघिशीत धरू नका, ती वेगळी.

सर्व्हिसचं मात्र फोन करून विचारा: माणूस चिपळुणात आहे की रत्नागिरीहून येणार? मला विचाराल तर यावरच सोनी की एलजी ते ठरवा, बाकी उन्नीस-बीस.

आता भिंत. बाबा, पुराच्या खुणेच्या वर, म्हणजे सहा फुटांवर टीव्ही लावायचा असं तुम्ही तक्त्याखाली लिहिलंय. खूण मलाही दिसते दर वेळी, दोन रंग मारूनही. पण झोपाळ्यावर बसून सहा फुटांवर बघायचं म्हणजे मान वर करून, रोज चार तास. तुमच्या मानेचा पट्टा अजून खुंटीवर आहे. टीव्हीचा मध्य बसल्यावर डोळ्यांसमोर यावा, फार तर वीतभर वर. ५५ इंचीचं वजन पंधरा-सोळा किलो असतं, दोन माणसं तो हुकावरून उचलून काढू शकतात. त्या दोन माणसांत तुम्ही नाही. पाणी चढायला लागलं की पायऱ्या चढून वर जायचं, कागदपत्रांची पिशवी आणि गोळ्या घेऊन. २०२१ ला तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात टीव्हीची वायर सोडवत होतात, हे आईने मला दोन वर्षांनी सांगितलं. भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर आणि घरातलं सामान दोन्ही येतं, ती मी काढते. टीव्ही बुडला तर बुडू दे.

राहता राहिलं माप. ५५ इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं. रुंदी भरते साधारण १२३ सेंटिमीटर. आपल्या शोकेसचा कोनाडा चार फुटी, म्हणजे १२२. तिथे जाणार नाही. ५० इंची १११-११२ चा, तो जाईल. भिंतीवर लावायचा तर ५५ च घ्या, झोपाळ्यापासून आठ फूट अंतर आहे, त्याला तो मोठा नाही. वर्तमानपत्रं चिकटवून १२३ बाय ७० चा कागद करा, भिंतीला लावा आणि दोन दिवस दोघांनी नुसतं त्याच्याकडे बघा.

आणि कोनाडा पुन्हा मोजून कळवा. लोखंडी टेपने. आईच्या शिवणकामाची टेप वापरू नका, ती ताणून ताणून इंचभर लांब झालीये.

तुमची,
चिमी