त्याला मारू नकोस

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझ्या रहस्यकादंबरीचं बाड पोचलं आणि दोन रात्रींत वाचून संपलंही. अकरा प्रकरणं. शेवटच्या पानाला टाचणीने लावलेली चिठ्ठी मात्र सगळ्यात शेवटी हाती आली आणि तिनेच झोप उडवली. ‘बाराव्या प्रकरणात इन्स्पेक्टर दिघ्यांना मारते आणि दुकान बंद करते. नोकरी सांभाळून हे जमत नाही. शिवाय खुनाच्या गोष्टी म्हणजे काही खरं लेखन नव्हे, आई.’

फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. म्हणून पत्र.

असंच एक पत्र १८९१च्या नोव्हेंबरमध्ये एका मुलाने आपल्या आईला लिहिलं होतं. मुलगा डॉक्टर, नाव नुकतंच व्हायला लागलेलं. आर्थर कॉनन डॉयल. आपल्या कथांतल्या शेरलॉक होम्स या गुप्तहेराला कायमचं संपवावं म्हणतो, त्याच्या पायी चांगल्या कामाकडे लक्ष देता येत नाही, असं त्याने कळवलं. चांगलं काम म्हणजे काय, तर ऐतिहासिक कादंबऱ्या! आई उखडली. नुसती नाही म्हणून गप्प बसली नाही; सोनेरी केसांच्या मुलीची एक कल्पना तिने लेकाला पुरवली आणि त्यातून होम्सची आणखी एक गोष्ट उभी राहिली. अशा रीतीने त्याचं मरण दोन वर्षं पुढे गेलं. १८९३च्या डिसेंबरात मात्र डॉयलने त्याला स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाखच्या धबधब्यात ढकललंच. एखादा पदार्थ एकदा अति खाल्ला की पुढे त्याचं नाव काढलं तरी मळमळतं, तसं माझं होम्सच्या बाबतीत झालंय, असं तो सांगत असे.

पुढे काय झालं ते तुला ठाऊक आहे. १९०३मध्ये होम्स परत आला आणि १९२७पर्यंत डॉयल त्याच्या कथा लिहीत राहिला. त्या थोर ऐतिहासिक कादंबऱ्यांपैकी एक मी वाचायला घेतली होती. चाळिसाव्या पानावरची खूण अजून तशीच आहे. सांगायचं एवढंच, की स्वतःचं चांगलं काम कोणतं ते लिहिणाऱ्याला नेमकं कळतंच असं नाही, आणि थकलेला असताना तर मुळीच कळत नाही. तू आत्ता थकली आहेस. तुझी चिठ्ठीच सांगतेय ते. नाहीतर तू ‘दुकान’ म्हणाली नसतीस.

एक कबूल करते. डॉयलच्या आईला साहित्याची काळजी असेल असं मला वाटत नाही. तिला पुढची गोष्ट हवी होती. मलाही हवी आहे.

आता माझ्या धंद्यातल्या बाईविषयी. तीस वर्षं मी रुग्णालयाच्या औषधखात्यात काढली, म्हणून रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा. पहिल्या महायुद्धात ती टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिका होती, मग औषधखात्यात आली आणि १९१७मध्ये तिने त्याची परीक्षाही दिली. त्या परीक्षेसाठी शिकताना एका अनुभवी औषधविक्रेत्याच्या हाताखाली तिला काम करावं लागलं. आत्मचरित्रात ती त्याला ‘मि. पी’ एवढंच म्हणते. एके दिवशी तो सपोझिटरीचं, म्हणजे गुदद्वारातून द्यायच्या औषधी वड्यांचं, मिश्रण करत होता आणि तिच्या ध्यानात आलं, की गृहस्थाचं दशांशचिन्ह एक घर सरकलंय. औषध दसपट कडक. शिकाऊ पोरीने त्याला ‘तुमचं चुकलं’ म्हणायची सोय नव्हती. मग बाईंनी काय करावं? अडखळल्याचं सोंग करून तो सगळा पाट खाली पाडला, आणि वर त्यावर पाय देऊन मालाचा चेंदामेंदा केला. माफी मागितली, नव्याने करायला घेतलं.

मी हा प्रसंग वाचला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. दशांशचिन्हाची भीती काय असते ते आमच्या खात्यातल्या माणसालाच कळेल. तिच्या कादंबऱ्यांची सगळी बैठक या प्रसंगात आहे असं माझं मत: सभ्य माणूस, रोजचं काम, एक बारीकशी चूक, आणि ती पाहणारी पण वरून काहीच न दाखवणारी एक बाई.

त्याच मि. पी ने एकदा खिशातून एक काळपट खडा काढून तिला दाखवला. क्युरारी, म्हणजे बाणांना लावतात ते विष. खिशात का बाळगता, तर म्हणे, त्याने आपल्यात ताकद असल्यासारखं वाटतं. हा माणूस तिने जवळजवळ अर्धं शतक मनात जपून ठेवला आणि १९६१च्या ‘द पेल हॉर्स’मध्ये वापरला. त्या पुस्तकात थॅलियम या विषारी धातूची बाधा आहे. केस गळणं वगैरे लक्षणं नीट दिलेली. १९७७मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात कतारहून आणलेलं एक लहान मूल दाखल होतं आणि डॉक्टरांना निदान होत नव्हतं. तिथली एक परिचारिका नेमकी हेच पुस्तक वाचत होती. तिने थॅलियम सुचवलं, तपासलं तर ते निघालं, आणि मूल वाचलं. ख्रिस्ती तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. तुझं ते ‘खरं लेखन नव्हे’ त्या मुलाच्या आईला सांगून बघ.

डॉयलचंही तसंच. जॉर्ज एडलजी नावाचा एक तरुण वकील होता. वडील शापूरजी मूळचे मुंबईचे पारशी, पुढे इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले. रात्रीच्या अंधारात शेतातल्या जनावरांवर वार केल्याबद्दल जॉर्जला १९०३मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी सोडलं, पण डाग तसाच. १९०७च्या सुरुवातीला तो डॉयलला भेटायला एका हॉटेलात आला. डॉयलला यायला जरा उशीर झाला होता, आणि जॉर्ज वर्तमानपत्र वाचत बसला होता. डॉयलने लांबूनच पाहिलं: कागद डोळ्यांच्या अगदी जवळ, तोही तिरका धरलेला. डोळ्यांचं शास्त्र शिकलेल्या डॉक्टरला तेवढं पुरलं. ज्याला हातावरचं वाचायला एवढा त्रास, तो काळोखात शेतं तुडवत जाऊन घोड्यावर वार करून परत येईल? डॉयलने वर्तमानपत्रांतून रान उठवलं. एडलजीला माफी मिळाली, भरपाई मात्र एक पैसाही नाही. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलांसाठी वेगळं न्यायालय झालं, त्यामागे या प्रकरणाचाही धक्का होता.

‘खरं लेखन’ म्हणे. आपल्या बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांपायी किती जणांना वाचायची गोडी लागली असेल, पण समीक्षकांनी त्यांना कधी पंगतीला बसवलं नाही. तू त्या समीक्षकांच्या बाजूला कधी जाऊन बसलीस, बाई?

आता वेळेचं बोलू, कारण खरं दुखणं ते आहे. बाकीचं तू वर लावलेलं मलम.

पी. डी. जेम्स, इंग्रज रहस्यकथाकार. जन्म १९२०चा. शाळा सोळाव्या वर्षी सुटली. नवरा डॉक्टर, पण युद्धावरून परतला तो मन हरवून. रुग्णालयांच्या वाऱ्या, दोन लहान मुली, आणि कमावणारी ही एकटी. रुग्णालयाच्या कारभारात नोकरी करायची आणि पहाटे उठून, कामावर जायच्या आधी लिहायचं. पस्तिशी उलटल्यावर तिच्या ध्यानात आलं, की सोयीची वेळ अशी कधी येणारच नाही. पहिलं पुस्तक १९६२मध्ये आलं तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. आणि त्यानंतरही तिने नोकरी सोडली नाही! पुढे ती गृहखात्यात गेली, पोलीस आणि न्यायवैद्यक विभागांत काम केलं, ते सगळं पुस्तकांत उतरलं. नोकरीने तिचं लेखन खाल्लं नाही, उलट पोसलं. तुझ्या विमा कंपनीतल्या दाव्यांच्या फायली तू मला कंटाळून वर्णन करून सांगतेस. मी त्या ऐकताना कान टवकारते. पाचव्या प्रकरणातला तो खोटा दावा तू कुठून आणलास ते मला कळलंय. तुझ्या पुस्तकातलं सगळ्यात पक्कं प्रकरण तेच आहे.

स्वीडनचं एक जोडपं होतं, माय श्योवाल आणि पेर वालो. मुलं झोपली की रात्री समोरासमोर बसायचे आणि एकआड एक प्रकरण लिहायचे. १९६५ ते १९७५, दहा वर्षांत दहा कादंबऱ्या. ख्रिस्तीला लिहायची वेगळी खोली नव्हती. भक्कम टेबल आणि टाइपरायटर एवढं तिला पुरे. झोपायच्या खोलीतलं संगमरवरी टेबल चाले, नाहीतर दोन जेवणांच्या मधे जेवणाचं. फोटो काढायला येणारे विचारत, तुम्ही लिहिता कुठे, आणि दाखवायला जागाच नसे.

आणि रेमंड चँडलर, अमेरिकन रहस्यकथाकार. तेल कंपनीत मोठा अधिकारी होता. दारूपायी १९३२मध्ये नोकरी गेली, तेव्हा वय चव्वेचाळीस. पहिली कथा लिहायला पाच महिने लागले. त्याचा एक नियम मी तुझ्यासाठी उतरवून ठेवला आहे: दिवसातले निदान चार तास असे ठेवायचे, की त्यात लिहिलंच पाहिजे असं नाही, पण दुसरं काहीही करायचं नाही. खिडकीतून बघ, डोक्यावर उभी राहा. पण वाचायचं नाही, पत्रं लिहायची नाहीत. तुला चार तास कुठले मिळायला! तू पाऊण तास ठेव. फोन दुसऱ्या खोलीत.

सगळ्यांचंच अनुकरण करावं असं नाही. फ्रेंचमध्ये लिहिणारा रहस्यकथाकार जॉर्ज सिमनॉन दिवसाला एक प्रकरण लिहायचा, पंधरवड्याच्या आत कादंबरी हातावेगळी. पात्रांची नावं, वयं, पत्ते एका पाकिटावर लिहून सुरुवात करायची. मधे दोन दिवस आजारी पडला तर लिहिलेलं सगळं फेकून द्यायचा, कारण तंद्री मोडली. एखादं वाक्य फार सुंदर जमलं असेल तर कापून टाक, असं तो सांगे, आणि ते तू ऐक. तुझ्या दुसऱ्या प्रकरणातल्या चांदण्याला मी पेन्सिलीने खूण केली आहे. पण त्याची ती बंद दारं मला नकोशी वाटतात. त्याच्या लेकीने १९७८मध्ये, पंचविसाव्या वर्षी स्वतःचा जीव घेतला. कशाचा कशाशी संबंध होता ते मी ठरवणारी कोण. पण ते वाचल्यापासून त्याच्या वेगाचं कौतुक माझ्या तोंडून पूर्वीसारखं निघत नाही. तू दार लोटून घेत जा, कडी लावू नकोस.

तर दिघ्यांचं काय करायचं? ख्रिस्तीलाही आपल्या पॉयरो या गुप्तहेराचा मनस्वी कंटाळा आला होता. आत्मप्रौढीने भरलेला किडा, असंच काहीसं ती त्याला म्हणे. त्याला तिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच मारला. कादंबरी पूर्ण लिहिली, हक्क लेकीच्या नावावर केले आणि हस्तलिखित कुलपात टाकलं. मग पुढची तीस वर्षं त्याच म्हाताऱ्याला घेऊन नवी पुस्तकं लिहीत राहिली! ती कादंबरी १९७५मध्ये बाहेर आली तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने पॉयरोच्या निधनाची बातमी पहिल्या पानावर छापली. तेव्हा तुला दिघ्यांचा अगदीच राग आला असेल तर तूही त्यांना मार. एका वेगळ्या वहीत मार. वही माझ्याकडे पाठवून दे, मी कपाटात ठेवते. आणि इकडे बारावं प्रकरण लिही.

एक चूक मात्र आहे, आणि ती आई म्हणून नाही, औषधखात्यातली बाई म्हणून सांगते. तिसऱ्या प्रकरणात पेल्याला कडू बदामाचा वास येतो आणि खोलीतल्या पाचही माणसांना तो येतो. सायनाइडचा वास प्रत्येकाला येत नाही, मुक्ता. कित्येकांना तो जन्मतःच कळत नाही. आईबापांकडून येतं ते. पाचांपैकी एकाला येऊ देऊ नकोस. तो वास न येणारा माणूस पुढे कामाला येईल, आणि नवव्या प्रकरणात शरदकाका जे बोलतो ते आपोआप खोटं ठरेल. नीट वाचून बघ, तू नकळत सगळी तयारी करून ठेवली आहेस.

खुनी मला कळलाय असं वाटतं. नाव एका कागदावर लिहून पाकिटात घातलंय, पाकीट चिकटवलंय. तुझं पुढचं प्रकरण आलं की दोघी मिळून फोडू. दिघे जिवंत असले तरच.

तुझी,
आई