मंडळी मोडून दशावतार कसा टिकेल?

संपादक महोदय,

5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन आला की 1843 साली सांगलीत झालेल्या विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवरा'वर भरभरून लिहिले जाते. भाव्यांच्या नाटकातला सूत्रधार, गणपती, सरस्वती आणि नटांची आयत्या वेळची भाषणे सिंधुदुर्गात आणि गोव्यातल्या पेडण्यात दशावतार या लोकनाट्यात अजून रात्र रात्र चालू आहेत. कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर, खानोलकर, आजगावकर, नेरूरचे कलेश्वर अशा दशावतारी नाटक मंडळ्यांचे पेटारे बाहेर पडतात. या वेळी लिहायचे आहे ते 'संयुक्त दशावतारा'बद्दल.

या मंडळीचा राजपार्ट (राजाची भूमिका करणारा नट), त्या मंडळीचा स्त्रीपार्ट, तिसरीकडचा राक्षस, असे नावाजलेले नट एका रात्रीपुरते जमवायचे म्हणजे संयुक्त प्रयोग. मुंबईत सभागृहात तिकीट लावून तो करावा, गर्दीही होते. जत्रेच्या हंगामात मात्र तो घातक आहे. दशावताराला लिखित संहिता नसते आणि तालीमही नसते. आख्यान (मुख्य पौराणिक कथानक) कोणते, ते त्या रात्री ठरते. मालक रंगपटात प्रसंगांचा क्रम सांगतो, भूमिका वाटतो आणि नट तोंड रंगवायला बसतात. पुढचे सगळे एकमेकांच्या सवयीवर चालते. नटाने पद उचलले की पायपेटीवाल्याला त्याची पट्टी ठाऊक हवी. संवाद लांबला, की कुठल्या शब्दावर ठेका धरून प्रवेश आटोपायचा ते मृदंगवाल्याला कळावे लागते. एखादा नट आजारी पडला तर दुसरा त्याची भूमिका निभावतो, कारण हंगामभर त्याने ती विंगेतून पाहिलेली असते. बाहेरून आलेल्या नामवंतांत हे नसते. मग दोघे राजे एकमेकांवर कुरघोडी करत अर्धा-पाऊण तास वाद घालतात, टाळ्या घेतात, आणि पहाटे उरलेले कथानक चार वाक्यांत गुंडाळले जाते. शिवाय ज्या मंडळीचा राजपार्ट उचलून नेला, तिचा त्याच रात्री दुसऱ्या गावात प्रयोग असतो. तिथल्या देवस्थानाने काय पाहायचे?

जत्रेतले नाटक हा देवाच्या कार्यक्रमाचाच भाग असतो. पालखी प्रदक्षिणा घालून आत गेली की गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग वेद चोरणारा काळ्या वेशाचा, मालवणीत बोलणारा संकासुर आणि त्याचा विष्णूकडून वध. मग मुख्य आख्यान आणि उजाडता दहीकाला. प्रेक्षकांना तिकीट नसते. पालखी दोन तास उशिरा निघाली तरी सूर्य थांबत नाही, म्हणून कात्री आधी संकासुराला लागते. शंभर माणसे देवळासमोर बसली असताना त्याचे टोमणे गाळायचे म्हणजे गावाच्या हिशेबांवर मोकळेपणी बोलणारा एकमेव जण गप्प करायचा.

जत्रा समित्यांना सुचवायचे ते एवढेच. संयुक्त प्रयोग पावसाळ्यात सभागृहात घ्यावेत. तेव्हा मंडळ्या रिकाम्या असतात, नटांनाही चार पैसे मिळतील. हंगामात ठरलेल्या मंडळीलाच पूर्ण रात्र द्यावी, आणि आख्यानाची फर्माईश करायची तर ती मंडळी तोंड रंगवायला बसण्याआधी कळवावी. मृदंगाजवळ वेगळा माइक ठेवू नये, त्याने संवाद बुडतात. टांगलेल्या माइकखाली नट खिळून उभे राहतात, तोही प्रकार बंद व्हावा. मुळात 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, सवलत मिळाली तरी मध्यरात्रीपर्यंतच, तीही वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. नाटक सुरू होते त्यानंतर. तेव्हा माइकवाचून ऐकू जाईल इतके प्रेक्षक जवळ बसवणे हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी पुढच्या रांगेतल्या सन्मानाच्या खुर्च्या हलवाव्या लागतील.

— काही दशावतारप्रेमी वाचक, कुडाळ