नॉब मागे फिरवणाऱ्या सिस्टरांना

प्रिय सिस्टर,

‘माझ्या बाळाचा ऑक्सिजन का कमी केलात?’ म्हणून इन्क्युबेटरशेजारी तुमच्यावर ओरडलेली आई आठवते? (तशा बऱ्याच असतील म्हणा.) ती मी.

बाळ २९ आठवड्यांचं, ११५० ग्रॅमचं. नाकात सीपॅपच्या, म्हणजे हलक्या दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राच्या नळ्या, पायाला लाल दिव्याचा प्रोब, आणि वर मॉनिटरवर सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती टक्के भरलाय त्याचा आकडा. शंभरपैकी शंभर म्हणजे पहिला नंबर, एवढंच मला कळायचं. १०० दिसले की जीव भांड्यात पडायचा. नेमक्या तेव्हाच तुम्ही उठून यायचात आणि ब्लेंडरचा, म्हणजे हवेत ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्राचा नॉब ३५ टक्क्यांवरून ३२, ३२ वरून ३० असा मागे न्यायचात. मॉनिटरवरचा आकडा ९५ च्या वर गेला की अलार्म वाजायचा. तो तुम्ही कधी बंद करून ठेवला नाहीत. ‘इथे ऑक्सिजनचीसुद्धा काटकसर चालते,’ असं मी घरी फोनवर सांगितलं होतं. आता लाज वाटते.

तुम्ही चिडला नाहीत. रात्रपाळीत स्टूल ओढून बसलात आणि सांगितलंत: डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास वाढायला लागतात, त्या कडेपर्यंत पोचायला दिवस पूर्ण भरावे लागतात. आपलं बाळ अर्ध्या वाटेत बाहेर आलंय. पोटात त्याला ऑक्सिजन बेताचाच होता. इथे जास्त मिळाला तर ती वाढ खुंटते, मग उपाशी राहिलेल्या पडद्यावर भलत्याच, नाजूक वाहिन्या वाढतात आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर त्या पडद्यालाच ओढून जागेवरून सोडवू शकतात. ‘आणि ऑक्सिजन चालू असताना १०० दिसले, तर रक्तात तो नेमका किती झालाय हे कळत नाही. थोडा जास्त असो की दुप्पट, मशीन १००च दाखवणार.’

‘मग ८५ वरच ठेवा ना!’ मी लगेच दुसऱ्या टोकाला. त्यावर तुम्ही नुसती मान हलवलीत. का, ते पुढे वाचनात आलं. १९४० नंतरच्या दशकात सढळ हाताने दिलेल्या ऑक्सिजनमुळे हजारो अपुऱ्या दिवसांच्या बाळांची दृष्टी गेली. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांच्या अभ्यासातून कारण पक्कं झालं, तर लोकांनी हात इतका आखडला की बाळं दगावू लागली. २०१० मधल्या एका मोठ्या चाचणीतही ८५ ते ८९ मध्ये ठेवलेल्या बाळांना डोळ्यांचा गंभीर आजार कमी झाला, पण मृत्यू जास्त झाले. म्हणून तुमची ती ९० ते ९५ ची अरुंद पट्टी.

एका दुपारी आकडा ८२ वर आला. मी असते तर नॉब पूर्ण फिरवला असता. तुम्ही आधी बाळाकडे पाहिलंत. छाती हलतेय का, रंग कसा आहे, प्रोब नीट आहे का. मान वाकली होती, ती सरळ केलीत, नाकातली सरकलेली नळी बसवलीत, तळव्याला बोट चोळलंत. मग नॉब किंचित पुढे. आणि आकडा वर येईपर्यंत तिथेच उभ्या राहून नॉब पुन्हा मागे. ‘वाढवायला सगळे धावतात,’ तुम्ही म्हणालात, ‘खाली आणायला परत येत नाहीत.’

चार आठवड्यांनी पहिली डोळ्यांची तपासणी झाली. वाहिन्या कडेला पोचल्या नव्हत्या. पुढची तारीख तुम्ही फाइलवर ठळक लिहिलीत आणि बजावलंत, डोळे वरून छान दिसले तरी चुकवायची नाही. शेजारच्या बाळाच्या डोळ्यांना लेसरचा उपचार करावा लागला. त्याच्याही नॉबवर तुमचीच नजर होती. इतक्या लवकर जन्मणं हेच मुळात कारण असतं, हे तुम्ही त्याच्या आईला किती वेळा सांगितलंत ते मी ऐकलंय. आमच्या वाहिन्या चौथ्या तपासणीत कडेला पोचल्या.

वरून दिलेला ऑक्सिजन पूर्ण बंद झाला त्या सकाळी मॉनिटरवर ९९ दिसले आणि मी सवयीने ओरडले, ‘सिस्टर, वर गेलं!’ तुम्ही दुसऱ्या बाळाचं दूध मोजत होतात. मागे न वळताच हसलात. ‘जाऊ दे. आता हवा त्याची स्वतःची आहे.’

तुमची,
बेड क्रमांक चारची आई